तीनचाकीला वंगण

वालूर, ता. ४ ऑक्टोबर १९८१

ती. सगुणाअक्कास,
धाकट्या सत्यशीलेचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडं सगळे खुशाल. आमची सुजाता सातवी पास होऊन घरीच बसलीय. इतके दिवस मास्तर त्यांच्या शाळेत तिला पाठीवर बसवून न्यायचे. हायस्कूल पार गावाच्या त्या टोकाला, आणि पोरगी आता तेरा वर्षांची. बापाच्या पाठीवर बसायला लाजते. पोलिओनं पाय नेले, जीभ मात्र दुप्पट देऊन गेला. खाटेवर बसून घर चालवते. मिलिंद आणि बेबी भांडले की छडी उगारते, आणि दोघंही आपणहून जवळ येऊन मार खातात, कारण पळून गेलं तर ताई गोष्ट सांगत नाही. मिलिंद तर धड चालता येत असून तिच्यासारखा हातांवर सरकतो. शेजारच्या बायनाबाईंनी ते पाहिलं आणि पोराला रोग लागला म्हणून गल्लीभर सांगून आल्या.

खरी बातमी पुढंच. हे अपंगांचं वर्ष हाय म्हणे. म्हणून पुढारी आबासाहेब स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. नामांतराच्या धामधुमीत ज्यांना आपली गल्ली कुठंय हे आठवत नव्हतं, त्यांनी आपला चहा घेतला, बशीत ओतून, सगळ्यांना दिसेल असा. सुजाताला तीनचाकी सायकल देणार हायेत. सभेला जुनाच फ्रॉक घाला, नव्यात पोरगी बिचारी दिसत नाही, असं म्हणाले. सुजातानं विचारलं, नाकही वाहतं ठेवू का. आबासाहेबांना चहा एकदम गरम लागला.

दाजींना जयभीम. माया हाय तशीच असू दे, उत्तराला मात्र उशीर नको.
तुझी सत्यशीला


बोरी, ता. ११ ऑक्टोबर १९८१

चि. सत्यशीलास, अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचून लय आनंद झाला. पोरीला नवाच फ्रॉक घाल. सायकल आली की हायस्कुलात नाव घाला, मास्तरला म्हणावं आता मागंपुढं बघू नका.

आमच्या बोरीतबी आबासाहेबांची सभा हाय. आमच्या सटवाजीकाकांना सायकल भेटणार. एक पाय गेल्यापासून काका ओसरी सोडून उठत न्हवते. आता रोज दाढी करायलेत. आबासाहेब गावोगाव सायकली वाटायलेत म्हणजे माणूस सुधरला म्हणावं का काय, मला तर कळंना झालंय.

बेबीचा खोकला जपा. मोठ्या बहिणीवर असाच जीव ठेवा.
तुमची सगुणा


वालूर, ता. १९ ऑक्टोबर १९८१

ती. अक्कास, सप्रेम जयभीम, वि. वि.

काल सभा झाली. सुजातानं नवा फ्रॉक घातला, वर पावडरही. सायकल हिरवीगार, हातानं फिरवायची, घंटी लावलेली. अपंगांना आधार द्या, असं बोलताना आबासाहेबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोवाल्याचा कॅमेरा अडला, तेवढा सगळा वेळ तो हात तिथंच होता.

मग पोरगी सायकलवर बसली. मिलिंदला मांडीवर घेतलं आणि पारापासून हायस्कुलापर्यंत जाऊन आली. अक्का, ती कुठंतरी जायलीय आणि मी मागं नुसती उभी हाय, असं आजवर कधी झालं नव्हतं. माझे हात रिकामेच राहिले, त्यांचं काय करावं ते कळेना. बेबीनं घंटीत गुळाचा खडा कोंबला. सायकललाही खाऊ पायजे, म्हणाली.

फोटो निघाला तसा आबासाहेबांचा माणूस, चंद्रभान, पुढं आला. नव्या सायकलीला परभणीला नेऊन वंगण द्यावं लागतं, म्हणाला, आणि जीपमागं बांधून घेऊन गेला. मिलिंद रडत जीपमागं पळाला. सुजाता भिंतीकडं तोंड करून बसली. जेवलीसुद्धा नाही. बायनाबाई म्हणाल्या, फोटो तर निघाला ना.

मन लागत नाही, म्हणून इथंच थांबते. आठवण ठेव.
तुझी सत्यशीला


बोरी, ता. २६ ऑक्टोबर १९८१

चि. सत्यशीलास, अनेक आशीर्वाद व जयभीम.

रागावू नको, नीट वाच. काकांना सायकल भेटली. हिरवीच. काकांनी घंटी दाबली तर वाजंना. उघडून बघितली तर आत गूळ, आणि गुळाला मुंग्या! सभा उठल्यावर चंद्रभान वंगणाचं नाव सांगून सायकल घेऊन निघाला. वालूरची सायकल कुठंय म्हणून मी विचारलं, तर त्याला खोकल्याची उबळ आली.

आता येत्या रविवारी देवगाव फाट्याला सभा हाय. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, आणि हीच सायकल बन्सीधर नावाच्या माणसाला देणार. काकांना ताप भरलाय, मला निघता येईना. तुमी पोरीला घेऊन जा. भांडू नका, नुसतं पुढच्या रांगेत बसा.

लेकरांना मुका. काळजात जागा असू द्या.
तुमची सगुणा


वालूर, ता. ३० नोव्हेंबर १९८१

ती. अक्कास, सप्रेम जयभीम, वि. वि.

सटवाजीकाकांना शेवटी त्यांची स्वतःची सायकल पोचली हे तुझ्या मधल्या पत्रात वाचून जीव भांड्यात पडला. उत्तराला उशीर झाला, पण फाट्यावर काय झालं ते माझ्याच तोंडून ऐक.

आम्ही पुढंच बसलो. आबासाहेबांनी पोरीला पाहिलं आणि भाषणातली वाक्यं दोनदा वाचली. बन्सीधरचं नाव पुकारलं, तो कुबड्या सावरेपर्यंत आमची सुजाता हातांवर सरकत मंचाच्या पायऱ्या चढायला लागली. नवा फ्रॉक धुळीत घासत होता. लोक बघायलेत म्हणून माझा जीव अर्धा झाला. मी उचलायला उठले, तर मास्तरांनी माझा पदर धरून ठेवला. वर जाऊन ती सायकलवर बसली आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हणाली, साहेब, वंगण देऊन झालं असेल तर माझी सायकल मी नेते, आणि बोरीच्या काकांना नि ह्या बन्सीधरभाऊंना त्यांच्या त्यांच्या द्या. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच भाग, टाळ्या थांबेनात. जिल्ह्याच्या साहेबांनी आबासाहेबांकडं पाहिलं. माईक चालू होता, त्यामुळं आबासाहेबांना आणखी दोन सायकली तिथल्या तिथं जाहीर कराव्या लागल्या. बन्सीधर इतका हसला की कुबडी पडली. आम्ही सायकल एसटीच्या टपावर टाकून आणली.

हायस्कुलात नाव घातलं. तिथं दाराला उंच पायऱ्या. हेडमास्तर म्हणाले, पायऱ्यांना इलाज नाही. तेवढ्यात आबासाहेब पुन्हा आले. फाट्याच्या फोटोत सुजाता झकास आली होती, त्यांचं मात्र कोपरच आलं होतं, म्हणून नवा फोटो पायजे होता. पोरीनं सांगितलं, पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करा, मग हवे तेवढे फोटो काढा.

काल त्याचं उद्घाटन झालं. आबासाहेब कात्री घेऊन खाली फितीजवळ, सुजाता वर सायकलवर. तिनं ओरडून सांगितलं की ब्रेक लागत नाही, बाजूला व्हा. आबासाहेबांना वाटलं पोरगी चेष्टा करायलीय. फीत सायकलनंच तोडली, आणि फोटोत धोतर सावरत उडी मारणारे आबासाहेब अगदी स्वच्छ आलेत. त्यांनी तो मागितला नाही. आम्ही भिंतीला लावलाय.

आता शाळा सुटायची वेळ झाली. ती येईपर्यंत भाकरी टाकते. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी सत्यशीला