मागल्या दाराचं वाचन

मोहदरा, ता. झरी जामणी
३ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. समीक्षास,
शकूआत्याचे आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम. जावईबापूंना आणि छोट्या रिबिकालाही सलाम सांग.

तू म्हणशील, आत्याला मोबाईल घेऊन दिला तरी ती पत्रच लिहिते. बाई, इथली रेंज टेकडीवर आहे आणि माझे गुडघे घरात आहेत. शिवाय फोनवर माझं अर्धं बोलणं होत नाही तोच तुझी भाजी करपायला लागते.

आमच्या ह्यांची, तुमच्या नानाजींची, तब्येत आहे तशीच आहे. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, जीभही गेली. दवाखान्यातून आणल्यापासून मागच्या खोलीत त्यांची खाट टाकली आहे. समजतं मात्र सगळं. जंगलखात्यात उभा जन्म काढलेला माणूस, आता खिडकीतून सागाकडे बघत पडून असतो. बघवत नाही मला.

आता खरं ते लिहिते. तुला ठाऊक आहे, हे रोज दिवेलागणीला मागल्या दारात उभे राहून जुन्या बायबलमधला तोच एक भाग वाचायचे, बाहेरच्या अंधाराकडे तोंड करून, पुटपुटत. मग चोरासारखं हळूच दार लावायचे आणि पुढच्या खोलीत प्रार्थनेला यायचे. आमची नयन गेली तेव्हापासूनचा हा नेम. आजारपणात तो बंद पडला. आणि बंद पडल्यापासून दिवेलागणीला मागे विहिरीची गडगडी वाजते. आधी नुसती कुरकुर, मग दोर ओढल्यासारखं, मग बादली काठाला आपटते. नयन अशीच आपटायची. नऊ वर्षांच्या पोरीत ताकद ती किती असणार.

आवाज आला की नानाजी डाव्या हातानं दाराकडे दाखवतात, मग बायबलकडे, मग माझ्याकडे. तू वाच म्हणतात. मी वाचणार नाही. पोटच्या पोरीला दारातून हाकलायचं काम माझ्या तोंडून होणार नाही, त्यांनी कितीही डोळे वटारले तरी. तू मला वेडी म्हणू नकोस, एवढंच मागते.

मायेत उणं पडू देऊ नकोस.
तुझी शकूआत्या


यवतमाळ
१० नोव्हेंबर २०२३

ती. शकूआत्यास,
समीक्षाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता भाजी खरंच करपली. तुला वेडी म्हणायची माझी हिंमत नाही, लहानपणी तुझ्या हातचे धपाटे खाल्लेत मी. पण पत्र बाबांना वाचून दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, की नयनताई विहिरीत पडून गेली त्याच आठवड्यात नानाजींनी माणसं लावून ती विहीर बुजवली. गडगडी, दोर, बादली, सगळं आत टाकून वर मुरूम ओतला. बाबा स्वतः घमेली वाहत होते म्हणे. आज तिथे कडुनिंब आहे. मी उन्हाळ्यात त्याच कडुनिंबाखाली बसून आंबे खाल्ले, आत्या, आणि खाली काय आहे ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग वाजतं ते काय? तुझा जावई अंकुर म्हणतो, कुणाच्या तरी शेतातली मोटर असेल. त्याला सगळीकडे मोटरच ऐकू येते. तुम्ही दोघं इकडेच या, मी गाडी पाठवते. मला तुझी काळजी वाटते, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते.

आणखी एक. हाकलायचं म्हणजे काय? बायबलमध्ये मेलेल्या लेकराला हाकलायचा अध्याय मला तरी माहीत नाही. नानाजी नेमकं काय वाचायचे ते पुस्तक उघडून बघ आणि मला कळव. नानाजींना रिबिकाचा पापा.

राग नसावा, जीव असावा.
तुझी समीक्षा


मोहदरा
१८ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. समीक्षास,
आशीर्वाद आणि सलाम.

विहीर बुजलेली आहे हे मला ठाऊक आहे. चालू विहिरीची गडगडी वाजली असती तर पत्र कशाला लिहिलं असतं?

तू विचारलंस म्हणून सगळं सांगते. नानाजी जंगलातून आले की त्यांचे पाय धुवायचं पाणी नयनच काढायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. ते तिला माय म्हणायचे, आपल्याकडे बाप लेकीला म्हणतो तसं. त्या संध्याकाळी त्यांना यायला उशीर झाला आणि ती अंधार पडताना विहिरीवर गेली. अंधाराला एवढी भिणारी पोर, पण बापाचे पाय धुवायचे होते ना.

नंतर शेजारची रामीबाई मला म्हणाली, "अशी गेलेली पोरगी दिवेलागणीले दारात येतेच. भगताकून उंबरा बांधून घ्या." नानाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की आम्ही ख्रिस्ती माणसं, उंबऱ्यात खिळा ठोकणार नाही. आणि त्याच संध्याकाळी बायबल घेऊन मागल्या दारात उभे राहिले. मी काय समजायचं? भगताच्या खिळ्याच्या जागी यांचं पुस्तक. मी कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, हा माणूस झाडांशी बोलेल पण बायकोशी बोलणार नाही. ते वाचायला लागले की मी पुढच्या खोलीत मोठ्यानं गीत धरायची, कानावर पडू नये म्हणून. मी चर्चला जात राहिले, पण त्या पुस्तकाला हात लावला नाही. माझ्या लेकीला बाहेर ठेवणाऱ्या देवाशी मी इतकी वर्षं तोंडदेखलंच बोलत आले.

तुझ्यासाठी काल ते उघडलं. आपोआप त्याच पानावर उघडतं. दिव्याच्या काजळीनं पान काळं पडलंय. एकशे एकोणचाळिसावं स्तोत्र. बारीक अक्षर, जडजड शब्द, आणि माझं शिक्षण चौथीचं. 'अधोलोक' एवढं लागलं, म्हणजे मेलेल्यांची जागा, आणि मिटून ठेवलं.

चार दिवसांपासून मागल्या पायरीवर ओला गोल दिसतो, बादलीच्या बुडाएवढा. पुसला तरी दुसऱ्या संध्याकाळी असतोच.

आणि नानाजी आता जेवत नाहीत. चमचा तोंडाशी नेला की तोंड मिटतात आणि दाराकडे बघतात. मी वाचत नाही आणि ते खात नाहीत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हातचे जातील. घर सोडून ते कुठे येणार नाहीत आणि मीही येणार नाही. तेव्हा लेकीला हाकलू की नवऱ्याला जाऊ देऊ? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

आठवण ठेव आमची.
शकूआत्या


यवतमाळ
२४ नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास,
सलाम वि. वि.

हे पार्सल एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, पोस्टाची वाट बघवत नाही. आत सोप्या मराठीतलं बायबल आहे. ठळक अक्षर, आणि आपण घरात बोलतो ते शब्द. आमच्या चर्चमधल्या काही वडीलधाऱ्यांना ते पटत नाही, त्यात भारदस्तपणा नाही म्हणतात. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आमच्या घरची प्रार्थना म्हणजे काय होतं? मी वाचायची, अंकुर मोबाईल चाचपायचा, रिबिका जांभया द्यायची, आणि आमेन म्हटलं की मी कुकर लावायची. हे पुस्तक आल्यापासून रिबिका स्वतः वाचते आणि मधेच थांबून विचारते. अंकुरला उत्तरं येत नाहीत, मग तो जुनंही शेजारी घेऊन बसतो. कुकर उशिरा लागतो आणि कोणी कुरकुरत नाही.

परवा मी तिला तुमचं ते स्तोत्र वाचायला दिलं, का ते न सांगता. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, की मग विहिरीतल्या ताईजवळपण देव होता का? आत्या, त्या स्तोत्रात विहीर नाही. नयनताईचं नाव मी तिच्यासमोर कधी काढलेलं नाही. माझ्या हातातलं लाटणं पडलं. कोणती ताई म्हणून विचारलं तर म्हणाली, असंच आलं मनात, आणि खेळायला पळाली.

त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू म्हणशील, पोरगी समजूत घालते आहे. तू वाच. दारात नको, अंगणात, भर उन्हात बसून, ओळीवर बोट ठेवून. वाचूनही ते हाकलणंच वाटलं, तर वाचू नकोस, मी येऊन नानाजींची समजूत काढीन. पण आधी वाच, आणि आत्या, उशीर करू नकोस.

लेकीवर असावी तशी माया माझ्यावर असू दे.
समीक्षा


मोहदरा
३ डिसेंबर २०२३

चि. सौ. समीक्षास,
आशीर्वाद, सलाम, आणि रिबिकाला एक जास्तीचा पापा.

पार्सल मिळालं. कंडक्टरनं आत खाऊ आहे का म्हणून विचारलं, त्याला म्हटलं उघडून बघतेच.

तू सांगितलंस तशी उन्हात बसले. कापूस वेचून बाया परत येईपर्यंत तेच पान वाचत होते. पहिल्यांदा अक्षर लावत, मग नुसतं वाचत. त्यात रक्तपात करणाऱ्यांना दूर व्हा म्हटलंय, पण लेकराला जा असं कुठेच नाही. माणूस देवाला म्हणतो आहे, की तुझ्यापासून लांब जायचं तर जाऊ कुठे? खाली मेलेल्यांच्या जागी जाऊन निजावं तर तिथे तू. पाण्याच्या पार टोकाला जावं तर तिथेही तू माझा हात धरलेला. अंधारानं झाकून टाकलं तरी तुला तो अंधार दिसतच नाही, तुला सगळा उजेडच.

समीक्षा, ते तिला हाकलत नव्हते गं. अंधाराला भिणाऱ्या लेकीला रोज संध्याकाळी सांगत होते की तू एकटी नाहीस. आणि ते दार हळू लावणं चोरासारखं नव्हतं. लेकरू झोपलं की बाप खोलीचं दार लावतो, तसं होतं. आणि मी त्याच घरात मोठमोठ्यानं गाणी म्हणत होते. फार रडले. रामीबाई धावत आली, तिला काही सांगता येईना, म्हणून तेच पान तिला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून ऐकत बसली.

दिवेलागणीला मी नानाजींची खाट दाराकडे वळवली आणि मागलं दार सताड उघडलं. गडगडी वाजायला लागली होती. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण वाचलं, अडखळत, मोठ्यानं, अंधाराकडे तोंड करून. मधे बादली काठाला आपटली. मग पायरीवर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला. मी पानावरून नजर उचलली नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा सगळं शांत होतं, रातकिडेसुद्धा गप्प होते. आणि माझ्या पाठीमागून नानाजी बोलले, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. "झोप, माय." एवढंच, पण अगदी स्वच्छ.

मी दार लावलं, हळूच. ते वाटीभर पेज प्यायले. तिथेच त्यांचा हात धरून मी प्रार्थना केली, आणि कितीतरी वर्षांनी ती तोंडदेखली नव्हती. त्या संध्याकाळनंतर गडगडी वाजलेली नाही. मी रोज वाचते, आता पुढची पानंही. नानाजी ऐकतात आणि जेवतात. मी चुकले की डाव्या हातानं खाट ठोकतात.

एक गोष्ट रामीबाईलाही सांगितली नाही, तुला सांगते. त्या संध्याकाळी पेज पाजून झाल्यावर त्यांच्या पायांवर पांघरूण घालायला गेले, तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले होते. बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा नीट धुतलेले. ते खाटेवरून उतरले नव्हते आणि मी पाण्याला हात लावला नव्हता. पदरानं पाय कोरडे केले आणि पांघरूण घातलं.

तुम्हा तिघांवर आम्हा तिघांचा जीव आहे, तो असाच परत येत राहू दे.
तुझी शकूआत्या