वरणाचा घास

पुणे, ५ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप बाबांस,
निवेदिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही घाटाच्या पायऱ्यांवर पडलात, दोघांनी धरून वर आणलं, हे गीताआत्याच्या फोनवरून कळलं. तुमच्या पत्रात मात्र ‘प्रकृती ठीक’! आई गेल्यापासून तुम्ही केळी-साबुदाण्यावर राहता, डाळीला शिवत नाही, हेही तिनेच सांगितलं.

बाबा, आम्ही इथे माणसाच्या स्नायूंच्या पेशी काचेच्या बशीत वाढवतो. मागच्या आठवड्यात त्यांना साखर दिली, इन्सुलिन दिलं, फक्त अमिनो आम्लं काढून घेतली. डाळ-दुधातली प्रथिनं पचून होतात ती. इन्सुलिनचा वाढीचा निरोप पेशीच्या दारापर्यंत आला, पण आत फारसं काही हललं नाही. ती आम्लं, विशेषतः ल्युसिन, परत घातल्यावर आतला संदेश सुरू झाला. म्हणजे ती नुसत्या विटा नाहीत. सामान आलंय, कामाला लागा, असं सांगणारीही तीच.

बशीतल्या पेशी म्हणजे तुम्ही नव्हे, कळतं मला. तरी हे व्रत सोडा. आईला चाललं असतं का?

तुमची,
निवेदिता

दुर्गाघाट, काशी, १६ नोव्हेंबर १९९८

चि. निवेदितास अनेक उत्तम आशीर्वाद.

बापाला बशीत बसवलंस, बरं केलंस. पाठशाळेतल्या शिष्यांना वाचून दाखवलं, खूब हसले.

पण पोरी, व्रत वगैरे काही नाही. लोकांनीच तसं ठरवलं. तुझ्या आईला शेवटी घोटभर पेजही गिळवत नव्हती. मी समोर बसून जेवावं असा तिचा हट्ट. वरणभात कालवायचो, ती बघत राहायची. आता वरणाचा वास आला की घास तोंडातच फिरतो. तुझ्या शास्त्रात याला काही असेल तर कळव.

जपून राहा.
तुझा बाबा

पुणे, २४ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप बाबांस,
सा. न.

शास्त्रात याला काही नाही. मी तुम्हाला हट्टी समजून रागावले होते. रजा मंजूर झाली आहे, रविवारी पोचते. मूगडाळीचं पातळ वरण मी करीन आणि तुमच्या शेजारी बसून जेवीन. दोन घास गेले तरी पुष्कळ. इथल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी थोडं चालायलाही सांगितलंय, तेही बरोबरच करू.

तुमची,
निवेदिता

दुर्गाघाट, काशी, २० जानेवारी १९९९

चि. निवेदितास आशीर्वाद.

तू गेल्यावर घास पुन्हा अडेल अशी भीती होती. पहिल्या दिवशी ताट तसंच राहिलं. मग गीता स्वतःचं पान घेऊन शेजारी येऊन बसली. तेव्हापासून जातं, हळूहळू. संक्रांतीला गंगेपर्यंत उतरलो. वर येताना शिष्याचा, यज्ञेश्वराचा, हात धरला.

काल जेवताना गीताला म्हणालो, वरणात मीठ कमी आहे. एरवी तणतणली असती. काल पदराने डोळे पुसत मीठ आणायला उठली.

माया अशीच राहू दे.
तुझा बाबा