पिवळ्या मण्याविना बंद ठरलेल्या मॉडेलची फेरतपासणी

प्रति,
मा. श्री. नवनाथ बोराडे,
मुख्य परीक्षक, आंतरशालेय विज्ञान प्रदर्शन समिती,
सातपूर, नाशिक.

विषय : कु. सृष्टी धम्मपाल गांगुर्डे (इयत्ता नववी) हिच्या मॉडेलची फेरतपासणी करण्याबाबत.
संदर्भ : आपला शेरा, "मॉडेल बंद. सबब अपात्र." दि. ९ डिसेंबर २०२५.

महोदय,

१. सृष्टी माझी नात. शरीरात शिरलेले काही जंतू ब-२ जीवनसत्त्व बनवतात. ते बनताना निघणारा बारीक कण आपल्या पेशीतले एमआर-१ नावाचे प्रथिन पकडते, पृष्ठभागावर नेते आणि टी पेशीला, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याला, दाखवते. आपले शरीर हे जीवनसत्त्व बनवत नाही. म्हणून तो कण म्हणजे जंतू आल्याची खूण. सृष्टीने प्रथिनासाठी कपड्यांचा चिमटा घेतला आणि कणासाठी पिवळा मणी. मणी अडकवला की चिमटा वर येतो, बल्ब लागतो.

२. आपण तो मणी "कचरा दिसतोय" म्हणून टिचकीने उडवलात आणि नंतर बटण दाबलेत. बल्ब कसा लागेल? कण मिळेपर्यंत ते प्रथिन पेशीच्या आतच थांबते, हेच तर पोरीला दाखवायचे होते. रिकाम्या हाताने वर चढण्याची सोय फक्त समित्यांमध्ये असते.

३. "जीवनसत्त्व म्हणतेस, मग गाजर कुठंय?" असेही आपण विचारलेत. मुख्य परीक्षकांच्या या ज्ञानावर मी काय बोलावे? सृष्टी मात्र तेव्हापासून मॉडेलला हात लावत नाही.

४. मी चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. १९९१ साली सातवीतल्या एका मुलाचे कारंजे ऐन तपासणीत कोरडे पडले, कारण शाळेच्या नळाला पाणी नव्हते. परीक्षक "बंद" लिहिणार, तेवढ्यात मी घरून कळशी भरून आणली. कारंजे उडाले, मुलगा जिल्ह्याला गेला. कळशीचे पाणी माझ्या साडीवर सांडले म्हणून तो हसलाही होता. नवनाथ, तो मुलगा आपणच.

विभागीय प्रदर्शन १५ तारखेला आहे. त्याआधी दोन मिनिटे काढून मणी जागेवर ठेवून पाहावे. मला कळशी आणायला तेवढीच लागली होती.

आपली एकेकाळची बाई,
विमलाबाई गांगुर्डे
दि. ११ डिसेंबर २०२५

सोबत :
१. आपल्या शेऱ्याची प्रत.
२. पिवळा मणी, एक. शाळेत झाडणाऱ्या कुसाबाईंनी केरातून ओळखून वेगळा ठेवला होता. त्या दिवशी खरी तपासणी तेवढीच झाली.