आत्याचा रातकिडा

पौष वद्य द्वादशी, बुधवार. सारंगखेडा, प्लेगमुळे गाव सोडून शेतातली झोपडी.

काल लिहिले की आत्या काम चुकवून मोटेपाशी बसते. चुकीचे लिहिले. प्लेगने आजारी शेजारणीची शुश्रूषा केली म्हणून ती वेगळ्या झोपडीत एकटी राहते. मोटेपाशी का बसतेस, असे आज लांबूनच विचारले, तर हसली, "पोरी, मन्हा कानमा रातकिडा बसेल शे. गाव सोडं, पन तो संगेच उना!" वर्षानुवर्षे कान वाजतो, शांततेत जास्तच. मोटेच्या कुरकुरीत तेवढा तो आवाज बुडतो. आणि कधी एका शब्दाने बोलली नाही! मला जमले असते?

अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणजे मोट बंद. मग ती आणि तो रातकिडा, दोघेच. बाबा जवळ जाऊ देतील? भीती तर मलाही वाटते. तरी शनिवारी, अमावास्येला, तिच्या कुडाबाहेर दळणाचे जाते मांडून दिवसभर घरघर दळीन.