राखणीची दोरी

बीबी, १८ एप्रिल २०२४

चि. सौ. पुष्पांजलीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. न्हाणीचं पाणी घालून घालून तुझ्या आईचा मोगरा यंदा असा फुलला आहे, की ओंजळ पुरत नाही. माळ करणारं कोणी नाही, म्हणून फुलं माठावर ठेवून देतो. शेंद्र्या आंबाही लदबदला आहे. पोपट माझ्याआधी उठतात, म्हणून फांदीला पत्र्याचा डबा बांधून दोरी खाटेपर्यंत आणली. ओढली की डबा वाजतो म्हणे. मला ऐकू येत नाही, पण पोपट उडालेले दिसतात.

तुला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं आई तुझ्या लग्नाआधीपासून म्हणायची. ती नसली तरी घर आहे. शेजारच्या विमलबाई तुझं न्हाऊमाखू करायला तयार आहेत. कधी येतेस? फोन करू नकोस, त्यात तुझे नुसते ओठ हलतात आणि मी उगाच हसत बसतो. जावईबापूंना नमस्कार. घरच्यांचा लोभ आहेच, तो वाढवत राहा.
तुझा बाबा

बुलढाणा, २५ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. इथल्या बाजारच्या कैरीला आपल्या शेंद्र्याची सर नाही. खाते आणि घर आठवतं.

बाबा, येणं अवघड दिसतं. सासूबाई वाईट बोलल्या नाहीत. विमलबाई दिवसा येतील, पण रात्री पोरीचा डोळा लागला आणि लेकरू रडलं तर व्याह्याले कसं ऐकू येईन, असं त्या म्हणाल्या. यांचंही तेच म्हणणं. मला मात्र यायचं आहे. खिडकीतून मोगरा दिसतो त्या खाटेवर निजायचं आहे, आणि आईसाठी एकदा त्याच घरात पोटभर रडायचं आहे. रागावू नका. माया आहे तशी असू द्या.
तुमची पुष्पा

बीबी, २ मे

चि. सौ. पुष्पांजलीस,
अ. आ. वि. वि. तुझं पत्र वाचून त्या दिवशी झाडांना पाणी घालायचं राहिलं. राग आला, पण विहीणबाईंचा नाही, माझ्या कानांचा.

मग परवा दुपारी डब्याची दोरी मनगटाला गुंडाळलेली असतानाच डोळा लागला. हिसका बसला म्हणून उठलो, तर शेंद्र्यावर वानराचं एवढंसं पिल्लू. फांदी जराशी हलली असेल, तरी मला जाग आली. लगेच विमलबाईंकडून पाळणा मागून आणला, नातवासकट. त्याच सुंभाच्या दोरीचं एक टोक पाळण्याला, एक मनगटाला, आणि आडवा झालो. पोरगं चुळबुळलं की मी उठून बसतो. विमलबाईंनी पाटीवर लिहून दिलं, की भाऊ, त्याच्या मायच्या आधी तुम्हीच उठून राह्यले.

हे विहीणबाईंना वाचून दाखव. तरीही नाही म्हणाल्या तर मी रुसणार नाही, कैऱ्या घेऊन तिकडे येईन. झाडाला पाड लागला आहे, पण आढी अजून लावली नाही. तुझी वाट पाहणं मला आता सवयीचं आहे.
तुझा बाबा

बुलढाणा, ८ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. सासूबाईंनी पत्र पुन्हा वाचायला लावलं आणि उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी पाहते तर त्या आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्यांची वेणी घालत बसलेल्या. म्हणाल्या, सुंभाची दोरी म्हाताऱ्या मनगटाले काचते, व्याह्याले हे नेऊन दे.

शनिवारी येते. आढी लावा. त्या दिवशीचा मोगरा मात्र खुडू नका, माळ मी करणार आहे.
तुमची पुष्पा