भूक कुठे ठेवलीत?

सोमवार, २८ ऑक्टोबर २०१३, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं

नोंद करून ठेवते. वरील वेळी, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्या एका कोवळ्या मुलीने मला भाचीदेखत सांगितलं की आंटी, आता तुम्हाला भूक लागणारच नाही. लागली तर ती पोटात नसेल, मनात असेल. मी केंद्र सरकारच्या नोकरीतून अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले आहे. माझ्या मनात काय आहे हे कुणी मला हसत हसत सांगितलेलं चालत नाही. मी म्हटलं, हे लेखी द्या. ती आणखी हसली.

एवढं सोडलं तर दिवस फार छान गेला. नोएडाच्या फ्लॅटमध्ये एकटीने पडून राहायचं नाही, महिनाभर आमच्याकडेच राहायचं, असं उल्काने, माझ्या भाचीने, परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हा मी आता दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात. सरकारी क्वार्टर, जागा बेताची, पण मला दिलेल्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि खिडकीला कडुनिंब टेकलेला आहे. नवी चादर, उशाशी घंटी. घंटी बघून मी म्हटलं, अगं मी काय राणी व्हिक्टोरिया आहे? बॅग जिन्याने वर आणताना श्रीरंग, म्हणजे उल्काचा नवरा, म्हणाला की मावशी, पोट तिथेच ठेवून आलात ना, मग बॅग एवढी जड कशी?

पोटाचा तीन-चतुर्थांश भाग कापून काढला आहे. उरलंय ते केळ्याएवढं. हौस म्हणून नाही; गुडघे गेले होते आणि साखर आटोक्यात येत नव्हती. सध्या औषधाच्या टोपणाने मोजून डाळीचं पाणी. घट्ट काही गेलं तर टाके उसवतील. त्या मुलीचा आणखी एक सल्ला: घरची मंडळी जेवताना पानाशी जाऊन बसा, म्हणजे मनाला सवय होईल. बसेन. नियम पाळायला मला शाळेत नन्सनी शिकवलं आहे.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

भूक आहे. पोटात नाही, हे त्या मुलीचं खरं. पोट गप्प आहे. भूक जबड्यात आहे, जिभेखाली आहे, कानांच्या मागे आहे. टोपणभर पाणी घेतलं की ती जास्तच जागी होते. काल दिवसभर मी दूरदर्शनवरच्या बातम्यांमध्ये निवेदिकेच्या तोंडाकडे बघत होते. ते उघडत होतं आणि मिटत होतं.

उल्का दिवाळीच्या चकल्या तळते आहे आणि मला वास नको म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून, ओट्याशी उभी राहून जेवते. मी तिला बाहेर काढलं. म्हटलं, डॉक्टरांचा हुकूम आहे, माझ्यासमोर बसून खा. संकोचली बिचारी. मग थालीपीठ घेऊन बसली, वर लोण्याचा गोळा. तिने पहिला घास घेतला आणि माझ्या तोंडात लोणी विरघळलं.

आठवण नव्हे. आठवणीतलं थालीपीठ मी तीन दिवस खातेच आहे, त्याने काही होत नाही. हे खरंच होतं. धने दाताखाली आले. आणखी एक घे, म्हटलं. तिने घेतलं. मला ढेकर आला. दुपारी गाढ झोप लागली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

रविवार, ३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

काय सुंदर दिवस. फराळाचं ताट मांडलं आणि मी आग्रह करायला बसले. आमच्याकडे आग्रहाला नाही म्हणायची रीत नाही, त्यात मी वडील. उल्का चिमणीसारखी खाणारी. तरी अनारसे, करंज्या, पुन्हा चकली, आणि माझं सारखं चाललेलं, अगं घे, माझ्याकडे बघून घे, मला मेलीला नशिबात नाही. ती घेत राहिली. मी गळ्यापर्यंत जेवले.

श्रीरंग म्हणाला, बघा यार, खाते ही आणि ढेकर तुम्हाला. सगळे हसलो. उल्का थोडं उशिरा हसली. मग म्हणाली, मावशी, मला अजून भूक आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

तपासणी. माझं वजन तीन किलोंनी वाढलं आहे.

आहारतज्ज्ञ मुलीने काटा दोनदा शून्यावर आणून बघितला आणि मग मान तिरकी करून म्हणाली की आंटी, चोरी तो सब करते हैं, बता दीजिए. चोरी. उल्काने शपथेवर सांगितलं की मावशी पाण्याशिवाय काही घेत नाही. मुलगी म्हणाली, घरवाले भी यही कहते हैं. मी लेखी मागितलं. सर्जनसाहेब दारातून डोकावले, टाके छान भरलेत म्हणाले आणि गेले.

परत येताना टॅक्सीत उल्काच्या हातातली बांगडी आपोआप घरंगळून सीटवर पडली. पाडव्याला ती घट्ट होती. साबण लावून चढवली होती. मी पाहिलं.

श्रीरंग उद्या दौऱ्यावर गुवाहाटीला जातो आहे. जाता जाता मला हळूच म्हणाला, हिच्याकडे लक्ष ठेवा, इतकं खाते आणि अशी का दिसते?

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आता खोटं लिहीत नाही.

उल्का कपडे घट्ट करून घ्यायला करोल बागेत गेली होती. सगळे कुडते खांद्यावरून उतरतात. मी खिडकीशी बसले होते. घरात कुणी काही खात नव्हतं. आणि माझ्या तोंडात छोले आले. भटुरा, आंबवलेलं गाजर, कांदा, वर हिरवी मिरची. मी इतक्या लांब बसून खाल्लं, पोट भरलं, डोळे मिटले.

ती आली तेव्हा मी विचारलं, छोले कुठे खाल्लेस? तिने पिशवी खाली ठेवली. म्हणाली, मावशी, तीन प्लेट खाल्ल्या. तीन. दुकानदार बघत होता. आणि पोटात काहीच पोचलं नाही. मग दाराशीच बसून रडली. मनगट काडीसारखं झालंय.

म्हणजे पानाशी बसण्याचा संबंध नाही. मी नोएडाला गेले तरी हेच होणार.

सर्जनसाहेबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि मनोविकारतज्ज्ञांचा नंबर दिला. म्हणाले, ऑपरेशननंतर असं वाटतं. मी म्हटलं, वाटणारं वजन काट्यावर दिसत नाही. त्यांना दुसरा पेशंट होता.

शनिवार, १६ नोव्हेंबर

उलट करून पाहिलं. पोळीचा तुकडा चावून गिळला, तिला पोचेल म्हणून. उलटी झाली, कळ आली. तिला काही पोचलं नाही. इथून तिकडे रस्ता नाही.

उल्काच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, खाओ पियो, खुश रहो.

तिला म्हटलं, खाऊ नकोस. तू खातेस तितकी झिजतेस. ती बरं म्हणाली, आणि दुपारपर्यंत उपाशी राहिली. मग भूक माझ्या कानांमागे चढली, आणि मी — मी ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं — उल्का, थोडं घे ना गं. माझ्यासाठी.

ती उठली. मला नाही म्हणत नाही ती.

रविवार, १७ नोव्हेंबर

घंटी मी खिडकीतून फेकली. बोलायचं नाही असं ठरवलं. ओठ दातांत धरून बसते.

काही उपयोग नाही. मी गप्प असले तरी ती येते. दारात उभी राहते. मी काही बोलले का, विचारते. मी मान हलवते. तरी जाऊन खाते. कच्ची कणीक. बेसन. चव येते. वाईट लागत नाही, हे लिहायला लाज वाटते —

सोमवार, १८ नोव्हेंबर

सगळा शिधा खालच्या सरदारणीबाईंना देऊन टाकला. पीठ, डाळी, लोणची, मीठसुद्धा. त्या म्हणाल्या, कहीं जा रहे हो?

श्रीरंग बुधवारी दुपारी पोचेल. तोपर्यंत घरात काही नाही. खाल्लं नाही तर झिजणार नाही. मी भूक सोसेन. मी सोसू शकते.

उल्काच म्हणाली, मावशी, मला खोलीत घालून बाहेरून कुलूप लाव. मी लावलं. पाण्याची बाटली दिली. बाहेरून तिच्याशी बोलत बसले, लहानपणीचं. हसली एकदा.

मंगळवार, १९ नोव्हेंबर, दुपार

साबण.

आत साबणाची वडी राहिली होती. चंदनाची. मी तोंड धुतलं, चव गेली नाही. मग कागद. मग कापूस — उशी असेल.

हाक मारली. हो म्हणाली. फक्त हो.

मंगळवार, संध्याकाळ

सर्जनसाहेब,

तुम्ही माझं पोट काढलंत. भूक कुठे ठेवलीत ते कळवा. कापलेला भाग तुमच्या लॅबमध्ये असेल तर परत बसवा. मी सही करते. जाड राहीन, गुडघे जाऊ देत, साखर जाऊ दे. माझी भूक मला परत —

खोलीत काही उरलेलं नाही. मी विचारलं. उल्का, आत काय आहे खायला?

तोंडात चव येते आहे. खारट. कोमट. ही मला माहीत नाही. यात मसाला नाही, ही शिजवलेली —

उठायला हवं. किल्ली माझ्याच मुठीत आहे. दार चार पावलांवर आहे. पण पोट भरत चाललं आहे, डोळे जड झालेत, पाय उचलत नाहीत. इतकी तृप्त मी आयुष्यात —

सर्जनसाहेब, उद्या, बुधवार, २० नोव्हेंबर, सकाळी दहाच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे. दहानंतर आलेलं उत्तर चालणार नाही, कारण ती अजून चावते आहे आणि मी