आबा आणि कृत्रिम माता

मु. बोरखेडे, वरणगावाजवळ
वैशाख, सन १९५७

तीर्थरूप गिरधरदाजी यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे लीलाधरचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत, तुमची खुशाली कळवावी. कुंदाअक्काच्या गुडघ्याचं कसं आहे? निर्गुडीचा पाला बांधून शेकायला सांगा. (ऐकायची नाही म्हणा. आबांचीच लेक ती.) सोनगीरला 'बठ्ठं बरं शे' असं तुम्ही दर पत्रात लिहिता आणि ते वाचून मला बरं वाटतं, पण चार-पाच दिवसांपूर्वी आमचे आबा न कळवता तुमच्या दारात उतरले, त्यानंतर कितपत बरं राहिलं असेल याची शंका आहे. आबांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. (लेकानं कोंबड्यांपायी बापाला घराबाहेर काढलं, असंच सांगितलं असणार.) म्हणून खरी हकिकत कळवतो. यात माझा काडीचा दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्हाला शोधत बसायला नको.

झालं असं, की विकास योजनेचे एक साहेब जीपमधून आले आणि चावडीवर भाषण करून गेले, की शेतकऱ्यानं नुसत्या केळीवर विसंबू नये, जोडीला कोंबड्या पाळाव्यात. शेवटी त्यांनी कोणाला काही शंका आहे का म्हणून विचारलं. मला होती, म्हणून मी हात वर केला. साहेबांनी तो होकार धरला, टाळ्या पडल्या, आणि आठवडाभरात विलायती जातीच्या पिल्लांची करंडी माझ्या ओट्यावर येऊन पडली. आईवाचूनची पिल्लं, नुसता चिवचिवाट. दाजी, तुम्हाला आमचं घर माहीत आहे. आबांच्या गळ्यात माळ. आमच्या चुलीनं आजवर अंडं पाहिलेलं नाही. आबांनी करंडीकडं एकदाच बघितलं आणि उंबऱ्यावर काठी आडवी धरून जाहीर केलं, की पीस जरी आत आलं तरी मी हे घर सोडून जाईन. मी करंडी निमूटपणे परसात नेली.

करंडीबरोबर एक सरकारी पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, की आई नसलेल्या पिल्लांसाठी घरच्या घरी ब्रूडर करावा, म्हणजे ऊब देणारी पेटी. साध्या मराठीत तिला 'कृत्रिम माता' असं म्हटलं होतं. (हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. सासू जाऊन वर्ष होत नाही तोच ही कोणती आणलीत, असं त्या म्हणाल्या.) पेटीत पंच्याण्णव अंश फॅरनहाइट उष्णता ठेवावी, असंही होतं. आता अंश म्हणजे किती ऊन आणि किती जाळ, हे कोणाला विचारावं? आमच्या गावात ऊब देण्यातला जाणता माणूस एकच, सुपडूभाऊ. उभा जन्म कच्ची केळी धुरावर पिकवण्यात गेला. त्यांची वखार तुम्ही पाहिलीच आहे. तुमच्या लग्नात पंगतीला केळी त्यांचीच होती. सुपडूभाऊ म्हणाले, मले शिकवतो का रे? आणि बाह्या सरसावून कामालाच लागले.

त्यांनी जुनं खोकं घेतलं, तळाला केळीचा वाळला पाला अंथरला, फटी शेणमातीनं लिंपल्या, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुनी ठेवली. पिल्लं आत सोडली. (जागा वाया जाऊ नये म्हणून एक कच्चा घडही आत ठेवला.) वरून पोतं टाकलं आणि मला बजावलं, गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही. दाजी, मी बारीक सारीक गोष्टीत जाणत्या माणसाचं ऐकणारा आहे. मी खरंच हात लावला नसता. पण थोड्या वेळानं पेटीतून खोकल्याचा आवाज यायला लागला, आणि सौभाग्यवतींनी विळा घेऊन पोतं कापलं. धुराचा लोट बाहेर आला, मागून पिल्लं आली, डोळे मिटून, झिंगल्यासारखी, पण एकूणएक जिवंत. सुपडूभाऊंनी त्यातलं एक उचललं, सवयीनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, उजेडात धरलं आणि माझ्यावरच चिडले, "अरे, हे त आधीच पिवये हायेत! मंग पिकवाले कायले दिले?" घड हिरवाच होता, तो घेऊन ते घरी गेले.

मग मी शास्त्राचा आधार घेतला. स्वतः पेटी केली, आत कंदील टांगला, आणि डॉक्टरांकडून ताप मोजायची काचेची नळी मागून आणली. नळी आत ठेवली तर पारा सरसर टोकाला गेला. मला वाटलं, पिल्लांना ताप भरला. कंदील लहान केला. पारा टोकालाच. विझवला. टोकालाच. शेवटी सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, नळी पेटीतून काढून झटकली आणि ओट्यावर ठेवली. तिथंही पारा टोकाला गेला आणि नळी फुटली. (डॉक्टर अजून बोलत नाहीत.) तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की पुस्तिका लिहिणारा माणूस वैशाखात कधी भुसावळला उतरलेला नाही. पिल्लांना हवी त्याहून जास्त ऊब आमचं सगळं गाव फुकट देत होतं, आणि मी आत कंदील लावत होतो!

मग काय, उलटं काम. पेटी काढून टाकली, केळीच्या दाट सावलीत कुडाची मोठी खोपी केली, भिंतींना ओली पोती, वर पाला, खाली शिंपलेली वाळू. दर घटकेला पाणी मारायचं. दाजी, असा गारवा झाला की मांजर, कुत्रा आणि आमची शेळी तिन्ही दाराशी येऊन बसू लागली. पिल्लं तरतरीत झाली. आणि एका दुपारी जेवण करून मी पाणी मारायला गेलो, तर खोपीतून धोतराचा सोगा आणि दोन पाय बाहेर आलेले. पाय आबांचे होते.

मी लांबूनच पाणी मारून परत आलो. आबांनी कोंबडी उंबऱ्याच्या आत नको म्हटलं होतं, आपण कोंबड्यांच्या खोपीत जाणार नाही असं कुठं म्हटलं होतं? दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी उशी घेऊन गेले. मग कण्या नेऊ लागले. आई गेल्यापासून आबा दुपारी भिंतीकडं तोंड करून पडून असत, कोणाशी चकार शब्द नाही. आता खोपीतून त्यांचा आवाज यायचा. कोणाला रागवायचे, कोणाला केळीचे भाव सांगायचे. ओट्यावर बसून ऐकताना मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पण एकादशीचं ठरवायला भजनी मंडळ आलं. आबा घरात दिसेनात म्हणून मगनबुवा थेट परसात शिरले. बघतात तो आमच्या मंडळाचे प्रमुख खोपीत आडवे, बंडीत पिल्लं, धोतरात पिल्लं, आणि एक टकलावर बसून डुलक्या घेतंय. मगनबुवा हसले. नुसते हसले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी बाकीच्यांना हाक मारली. आबा उठले, अंग झटकलं, माझ्याकडं बघून म्हणाले, या घरात एक तर मी राहीन नाही तर कोंबड्या, आणि पिशवी भरून एस.टी.च्या रस्त्याला लागले. सांगा, यात माझा काय दोष?

तरी तुम्ही काळजी करू नये. आबांना हवापालट होईल, अक्कालाही माहेरचं माणूस भेटेल. पाऊस पडेपर्यंत खुशाल ठेवून घ्या, आमचं इकडं काही अडलेलं नाही. थोरांना नमस्कार, लहानांना गोड पापा, आणि आबांना माझ्याकडून काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
लीलाधर

ता. क. अडलेलं नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. पिल्लं दिवसभर खोपीच्या दाराशी येऊन ओरडतात. मी आत जाऊन झोपून पाहिलं, केळीचे भावही सांगितले. एकही जवळ आलं नाही. सौभाग्यवती ताटाला हात लावायच्या आधी रोज विचारतात, मामंजी कधी येणार? मगनबुवा दोनदा येऊन स्वतःचे कान धरून गेले.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात पलीकडच्या आळीतला छगन आला. तो त्याच एस.टी.त धुळ्यापर्यंत होता. त्यानं सांगितलं, की आबांनी पिशवी टपावर ठेवू दिली नाही, मांडीवर घेऊन बसले. मधून मधून पिशवीतून चिवचिव आली की आबा खच्चून अभंग म्हणायचे. मी परसात जाऊन बघून आलो. एक पिल्लू कमी आहे.

दाजी, तुम्ही त्यांना काही विचारू नका आणि पिल्लू मागू तर मुळीच नका. एवढंच सहज त्यांच्या कानावर घाला, की एकट्या पिल्लाला करमत नाही, ते दाणा सोडतं. आम्हालाही करमत नाही, हे सांगायची गरज नाही. पण सांगितलंत तरी चालेल.